सहावा खंड दडवल्याचा संशय

ज्या कादंबरीच्या पहिल्या पानावर नकाशा नाही तिच्यावर भरवसा ठेवू नये, असं शिवप्रकाशचं ठाम मत होतं. अशी त्याची बरीच मतं होती. अद्भुत कादंबरीत जो पोरगा पहिल्या प्रकरणात अनाथ म्हणून भेटतो तो तिसऱ्यापर्यंत राजपुत्र निघणार. जो म्हातारा कोड्यात बोलतो तो दुसऱ्या खंडात मरणार आणि चौथ्यात परत येणार. आणि जो लेखक आपल्या पात्रांना शंभर शंभर पानं जेवायला घालत नाही, त्याच्या हातात राज्य सोडा, ग्रामपंचायतसुद्धा देऊ नये. पालमच्या पंचायत समितीतल्या वरिष्ठ लिपिकानं अशी मतं बाळगावीत याचं कुणाला कौतुक नव्हतं, कारण ती ऐकायला कुणी थांबतच नव्हतं. बायको अनुपमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. दिवसभर चाळीस पोरांची मतं ऐकून आल्यावर घरातलं एक्केचाळिसावं तिला सोसत नसे.

त्याचा लाडका लेखक परदेशी होता. नाव उच्चारायला अवघड, म्हणून शिवप्रकाश त्याला नुसतं 'लेखक' म्हणायचा. या लेखकानं 'मिठाचा मुकुट' नावाची सहा खंडांची मालिका लिहायला घेतली होती. पाच खंड आले, एकेक विटेएवढा. सहावा 'लवकरच' येणार होता आणि हे लवकरच गेली नऊ वर्षं चाललं होतं. मधल्या काळात लेखकानं 'काजळनगरी' नावाची दुसरीच मालिका काढली, तेव्हाच शिवप्रकाशच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या घराचं काम अर्धं टाकून गवंडी शेजारच्या गल्लीत प्लास्टर करताना दिसला, तर आपल्याला जे वाटतं तेच त्याला वाटलं.

हे सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यात सुखानं नांदत राहिलं असतं. पण जुलै महिन्यात परभणीला त्याच्या आईच्या, महानंदाबाईंच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाचायचं नाही, टीव्ही नाही, चुलीपुढं बसणं नाही. महानंदाबाई रोज दिवेलागणीला पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. तेव्हा वाचायचं काम लेकावर आलं. पहिल्या संध्याकाळी त्यानं दोन ओव्या वाचल्या आणि तीन जांभया दिल्या.

"ऱ्हाऊ दे," महानंदाबाई काळ्या चष्म्याआडून म्हणाल्या. "देवाचं आसं रेटून वाचू नको, पाप लागंल. तुजं ते जाडं पुस्तक हाय ना, ज्याच्यापायी तू जेवताना बी मान वर करत न्हाईस, ते वाच."

"माय, ते इंग्रजीत हाय."

"मग वाच आन अर्थ सांग. पोथी बी तशीच आयकतेत लोक."

झालं. घात इथंच झाला, पण घात होताना कधी ढोल वाजत नाही. समई लावलेली, पोथीच्या लाकडी घडवंचीवर 'मिठाचा मुकुट'चा पहिला खंड, समोर पाटावर शिवप्रकाश, आणि सवयीनं हात जोडून बसलेली माय. दारावरून जाणाऱ्या शेजारच्या सरजाबाईंनी हे पाहिलं. आमच्या गल्लीचा दस्तूर असा, की जिथं पोथी लागलीय तिथं कुठली लागलीय हे विचारायचं नाही. चपला काढायच्या, बसायचं, हात जोडायचे. सरजाबाई बसल्या. दुसऱ्या दिवशी चौघी झाल्या. शनिवारपर्यंत अकरा.

आता शिवप्रकाशनं पहिल्याच दिवशी सांगायला नको होतं का, की बायांनो, ही पोथी नाही? होतं. तो सांगणारही होता. पण तोवर कुणीतरी पुस्तकावर झेंडूची दोन फुलं ठेवली होती. आणि खरं कारण ऐकायचं तर ते असं, की जन्मात पहिल्यांदा त्याचं ऐकायला अकरा माणसं बसली होती. नकाशा दाखवला तर अकराही जणी पुढं सरकून बघत होत्या. असल्या वेळी खरं बोलायला काळीज लागतं, आणि वरिष्ठ लिपिकाचं काळीज पेन्शनसाठी राखून ठेवलेलं असतं.

सातव्या प्रकरणात राजा थोरविनची मेजवानी आली. लेखकानं तिच्यात अख्खं रानडुक्कर भाजलं होतं, चार पानं खर्चून. गल्ली सगळी लिंगायतांची. इथं अंडं हा शब्दसुद्धा आवाज खाली करून उच्चारतात. शिवप्रकाशनं पुस्तकावरच्या फुलांकडे पाहिलं, मायच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "मग राजा पंगतीला बसला. पुरणपोळीचं जेवण होतं. राजानं अकरा पोळ्या खाल्ल्या, वर कटाची आमटी."

बायकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सरजाबाई डबा घेऊन आल्या. "थोरबानं खाल्ल्या, म्हनलं आपन बी निवद दाखवावा." थोरविनचा थोरबा तोवर झालाच होता, आणि नदीवरच्या नावाडीण इल्माची इलमाबाई. पोळ्या झकास होत्या. शिवप्रकाशनं तीन खाल्ल्या आणि भाषांतर हे किती पुण्याचं काम आहे असा विचार करत हात धुतले.

या इल्माबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण शिवप्रकाशच्या आयुष्यातला एकमेव शोध तिच्याबद्दलचा होता. 'मिठाचा मुकुट'मधली ही नावाडीण कुणाकडून भाडं घेत नाही, उतारूला त्याचं खरं नाव सांगायला लावते. आणि 'काजळनगरी'मध्ये, म्हणजे अगदी दुसऱ्या जगात, वेशीवर एक दिवेवाली म्हातारी आहे, ती तेलाचे पैसे न घेता नाव विचारते. या दोघी एकच आहेत, म्हणजे लेखकाची सगळी जगं आतून एकमेकांना जोडलेली आहेत, हे शिवप्रकाशला चार वर्षांच्या वाचनानंतर कळलं होतं. देशोदेशीच्या वाचकांशी इंटरनेटवर त्यानं यावर भांडणं केली होती. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी त्यानं पुस्तक मिटलं, 'काजळनगरी' हातात घेतलं, दिवेवालीचा प्रसंग सांगितला आणि गूढ चेहरा करून सगळ्यांकडे पाहिलं.

"ती इलमाबाईच की," सरजाबाई वाती वळता वळता म्हणाल्या.

शिवप्रकाशचा गूढ चेहरा तसाच राहून गेला. "तुमाला कसं कळलं?"

"आता फुकट काम करून नाव इचारनारी दुसरी कोन आसंल? एकाच मानसानं लिवलंय ना दोनी? मग गावं जवळजवळच आसनार. पालमचा मानूस पूर्णेच्या बाजारात दिसला तर त्यात काय नवल हाय?"

"पण ही दोन वेगळी जगं आहेत, सरजाबाई."

"आसू द्या की. यष्टी आसंल मधी." आणि मग, काळजीनं, "तुला हे आत्ता कळलं व्हय, शिवप्पा?"

त्या रात्री तो नीट जेवला नाही. अनुपमानं विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय.

दिवस गेले, महिना उलटला, मायला वाचायची परवानगी मिळाली, पण लागलेली पोथी कोण बंद करणार? वर्णनं गाळत, लढाया आटपत तो ऑक्टोबरात चौथ्या खंडावर आला. आणि तिथं लेखकानं त्याच्या पाठीत सुरा खुपसला. थोरविन राजा आजारानं मेला असं सगळ्यांना वाटत होतं, पण इथं त्याची कबर उकरतात आणि घशात सापडतं एक अणकुचीदार हाड, विषात बुडवलेलं. मेजवानीच्या मांसातून गेलेलं. पुढचा सगळा खंड त्या हाडावर उभा.

शिवप्रकाशनं ती ओळ दोनदा वाचली. समोर बायका थांबल्या होत्या. सुचेना, तेव्हा जे होतं ते तोंडातून गेलं. "राजाच्या घशात हाड सापडलं."

सरजाबाईंच्या हातातली वात थांबली.

"पुरनपोळीत हाड कुटून आलं?"

"ते... आमटीतून गेलं असंल."

"कटाच्या आमटीतून?"

बारा वर्षं पंचायत समितीत खुलासे लिहिलेला माणूस, पण त्याला तिथं एक वाक्य सुचलं नाही. त्यानं रानडुक्कर कबूल केलं. दोघी उठून चूळ भरायला गेल्या. सरजाबाईंना डुकराचं एवढं दुःख नव्हतं; आपण त्याच्या नावानं देवाला पोळीचा नैवेद्य दाखवला याचं होतं. आणि ही पोथी नव्हे हे त्याच झटक्यात सांगून टाकावं म्हणून शिवप्रकाशनं तोंड उघडलं, तर ते कुणाला ऐकायचंच नव्हतं. पुराणात काय मांस खाणारे राजे नसतात? राजाचं सोडा. प्रश्न सांगणाऱ्याच्या इमानाचा होता.

"आजून काय काय बदललंस?" महानंदाबाईंनी विचारलं. तो आवाज त्यानं शेवटचा ऐकला होता तो आठवीत, प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतः केली तेव्हा.

त्या दिवसापासून बैठकीचा रंगच पालटला. जरा काही वेगळं घडलं की सरजाबाई म्हणत, "कुटं लिवलंय, बोट ठिव." शिवप्रकाश ओळीवर बोट ठेवायचा. सरजाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्या बोटाकडे बघायच्या. बोट हललं तर म्हणायच्या, शक हाय. संशय लागट असतो. अनुपमाही एकदा जेवताना म्हणाली, "अहो, परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तरी तुम्ही आम्हाला सगळं नीट सांगितलंत ना?"

डॉक्टरांनी सांगितलेलं एवढंच होतं की डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकत चाललाय, फार लांबवू नका. पिकून फुटला तर डोळा जाईल. सरकारी योजनेतून तारीख मिळवायची, तर मायच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला पटेना. जन्मभर भांडी घासून रेघा गेलेल्या. मग दाखला, मग दाखल्यावर सही, मग सहीवर शिक्का. इतरांच्या फायली अडवणारा शिवप्रकाश पाच खेपा घालून रडकुंडीला आला, तेव्हा कुठं डिसेंबरची अठरा तारीख मिळाली. हुकली तर फाईल पहिल्यापासून.

महानंदाबाईंनी तारीख ऐकून घेतली. "पोथी आर्धी ठिवून मी टेबलावर झोपनार न्हाई. समाप्ती कर, नारळ फोड, मग ने."

हे ऐकून तो हसला. पाचव्या खंडाची साठ पानं तर राहिली होती. मग हसणं तोंडावरच गोठलं, कारण पाचव्या खंडाचा शेवट त्याला पाठ होता. इल्मा धुक्यात नाव घालते, दोन्ही काठ दिसेनासे होतात, वल्हं हातातून सुटतं. बस. पुढचं पान कोरं.

बारा डिसेंबरला त्यानं ते कोरं पान उलटलं. बायकांचे हात जोडलेलेच होते.

"फुडं?" सरजाबाईंनी विचारलं.

"पुढचं सहाव्या खंडात."

"मग काड की."

"तो अजून लिहिलाच नाही."

कुणीही विश्वास ठेवला नाही, आणि त्यांचं काय चुकलं? पोथीला शेवट असतो, शेवटी वाचणाऱ्याला काय फळ मिळतं तेही लिहिलेलं असतं. शेवट हातात नसताना पाच पाच जाड पुस्तकं छापून माणसाला विकतं का कुणी? रानडुकराची पुरणपोळी करणाऱ्यानं सहावा खंड दडवला असणार, हे जास्त पटण्यासारखं होतं. तशात तेराव्या तारखेला घरी पार्सल आलं. पोस्टमननं गल्लीच्या तोंडाशीच सांगून टाकलं की जड आहे, चौकोनी आहे. पार्सल सात बायकांच्या साक्षीनं उघडलं. आत अनुपमाच्या मिक्सरचं भांडं निघालं. सरजाबाईंनी ते उलटं करून आत बघितलं. "पुस्तक आदीच काडून घेतलं," त्या म्हणाल्या, आणि दोघीतिघींनी दुजोरा दिला.

शिवप्रकाशनं प्रकाशकाला ईमेल लिहिली. आईचा डोळा, तारीख, सगळं कळवळून लिहिलं आणि शेवट थोडक्यात कळवण्याची विनंती केली. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. असलं उत्तर तो स्वतः रोज तीस लोकांना देत होता, म्हणून त्याचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता.

कोपऱ्यावरचे किराणावाले सांबप्पा सल्ल्याला तयारच होते. "शेवट मिळंना तर तयार करा की, अप्पा. घरचा मसाला बाजारच्याहून बरा आसतोय."

त्यानं दोन रात्री जागून शेवट तयार केला. इल्माला वल्हं सापडलं, धुकं ओसरलं, राजाच्या खुन्यानं माफी मागितली, वारसांत राज्याची समान वाटणी झाली आणि सर्व संबंधितांचं समाधान झालं. पंधरा तारखेला त्यानं पुस्तकात डोळे घालून हे वाचल्यासारखं केलं. बोटसुद्धा ठेवलं, हलू दिलं नाही.

सरजाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "पाच म्हैने पानागनिक मानूस मरायलाय, आन आज एकदम सगळे ग्वाड झाले? आन इलमाबाईनं त्या खुन्याला त्याचं खरं नाव बी इचारलं न्हाई? ह्यो शेवट पुस्तकातला न्हाई, शिवप्पा. ह्यो तुज्या हापिसातला हाय."

अकराही जणी उठून गेल्या. शिवप्रकाश पाटावर तसाच बसून राहिला. खोटेपणा पकडला गेला याचं वाईट वाटलंच, पण टीका बरोबर होती याचं जास्त वाटलं. इल्मानं नाव विचारायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही?

सोळाला दुपारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मायजवळ येऊन बसला. त्या निवडायला घेतलेलं ताट मांडीवर घेऊन नुसत्याच बसल्या होत्या.

"माय, शपथ घेऊन सांगतो. शेवट न्हाई माझ्याकडं. तू चल. डोळा जाईल."

त्यांनी ताटात बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "मला भ्या वाटायलंय, शिवा."

"पहिल्या वेळी तर नाही वाटलं."

"तवा ठावं नव्हतं ना. आता ठावं हाय. डोळा उगडाच आसतोय आन ती सुई जवळ येताना दिसती. त्यात हा एकच चांगला झालाय. दुसऱ्याच्या येळंला काय इपरीत झालं तर?"

"मग हे पोथीचं कशाला सांगितलंस?"

"भ्याले म्हनून लेकाला सांगायचं व्हय?"

दोन महिने तो सगळ्या गल्लीच्या संशयानं बेजार झाला होता, आणि ज्या एका गोष्टीचा त्याला संशय यायला हवा होता तो आला नव्हता. त्यानं ताट त्यांच्या मांडीवरून काढून घेतलं आणि स्वतःच तांदूळ निवडायला लागला, वाईट निवडत होता, तरी त्यांनी हटकलं नाही.

"मी दाराशीच बसतो," तो म्हणाला. "आत जाऊन ये. आलीस की शेवट सांगतो."

"हाय म्हन की मग तुज्याकडं?"

इथं त्याला नाही म्हणायचं होतं. चार दिवस तेच तर म्हणत आला होता. "तू आलीस की सांगतो," तो पुन्हा म्हणाला.

अठराला पहाटेच्या एसटीनं दोघं निघाली. नारळ न फोडताच. महानंदाबाईंना आत नेलं आणि शिवप्रकाश दाराबाहेरच्या बाकावर बसला. वीस मिनिटांचं काम म्हणाले होते, पाऊण तास झाला. त्यानं भिंतीवरचे डोळ्यांचे तक्ते तीनदा वाचले. अद्भुत कादंबरीत इतका वेळ दार उघडलं नाही तर त्याचा अर्थ काय होतो हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या वेळी आपण इतकं वाचलं याचा त्याला पस्तावा झाला.

दार उघडलं. डॉक्टर मास्क खाली ओढत थेट त्याच्याकडे आले. तो उभा राहिला.

"तुम्ही शिवप्रकाश? ऑपरेशन छान झालं. आजी एकदम शांत पडून होत्या, कारण त्या बोलत होत्या. नंतरही मीच थोडा रेंगाळलो." डॉक्टरांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "सहावा खंड तुमच्याकडे आहे म्हणे. आणि तुम्ही दाखवत नाही."

"नाही हो डॉक्टर. लिहिलाच नाही तो."

"हो, तुम्ही असंच म्हणाल हेही त्या म्हणाल्या." डॉक्टरांच्या डोळ्यांत सरजाबाईंचीच नजर होती. "उद्या नऊला पट्टी सोडायला मी स्वतः येतोय. माझ्याआधी कुणाला सांगू नका."

वॉर्डात आठ खाटांवर आठ म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या एकेका डोळ्यावर पट्टी. महानंदाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. त्यांनी हातानं चाचपून त्याचा हात धरला आणि खाली ओढला, कान तोंडाशी येईपर्यंत.

"तुज्याकडं शेवट न्हाई. मला पयल्यापासून ठावं हाय."

"मग सगळ्यांना..."

"तुला शेवट ठावा आसता तर तू त्या सरजापुढं पाच म्हैने गप बसला आसतास व्हय? पयल्याच दिवशी फुशारकी मारली आसतीस." त्या दमून जरा थांबल्या. "ती सुई जवळ यायली ना, तवा मी डोळा हलू नये म्हनून त्या नावंतच बसले. इलमाबाईनं मला नाव इचारलं. मी सांगितलं. मग तिनं नाव कुनीकडं नेली ते मला दिसलं सगळं. कागद हाय का?"

शिवप्रकाशनं खिसे चाचपले. मागच्या कोऱ्या बाजूचा डिस्चार्जचा फॉर्म होता, पेन होतं.

"लिव. पन हळू. आन घरी गेल्यावर सरजाबाईनं इचारलं, तर पुस्तकात हाय म्हनून सांग, आन बोट ठिव."

तो लिहायला लागला. शेजारच्या खाटेवरची अनोळखी म्हातारी कुशीवर वळली आणि म्हणाली, बाई, जरा मोठ्यानं सांगा.